जॅकवरची गाडी व तिच्याखालचा माणूस

आमच्या डहाणू व तलासरी तालुक्यांत ज्या घरीं पूर्वीं बैलजोडी व गाडी असे, त्या घरीं आज ट्रॅक्टर व ट्रॉली आहे. आणि ज्याच्या दारीं ट्रॅक्टर नाहीं त्याचेंही काम तो भाड्यानें आणल्यावांचून चालत नाहीं. घोलवड-बोर्डीकडून चिकूच्या पेट्या घेऊन निघणारे टेंपो, सायवन-कासा बाजूच्या गवताच्या ट्रॉल्या, भट्ट्यांवरून विटा वाहणारे ट्रक, भाताच्या गोणी, खताचीं पोतीं, सारें कांहीं रबरी चाकांवर चालतें. या वाहनांच्या इंजिनाविषयीं, डिझेलच्या खर्चाविषयीं व टायरांच्या किंमतीविषयीं आमचे शेतकरी बंधु पारावर बसून तासन्‌तास बोलतात. परंतु चाक बदलतेवेळीं ज्या वीतभर उंचीच्या यंत्रावर सर्व भार तोललेला असतो, त्या जॅकविषयीं कोणी चकार शब्द काढीत नाहीं. तो चालकाच्या बैठकीखालीं चिंध्यांत गुंडाळलेला पडून असतो, व पंक्चर झाल्यावरच त्याची आठवण होते. आम्हांसही ती तशीच झाली, व ज्या रीतीनें झाली ती सांगण्यासाठींच हा लेख आहे.

सन २०२३च्या कार्तिकांतली गोष्ट. नुकता अवकाळी पाऊस पडून गेला होता, व माळावर कापून पडलेलें गवत पुन्हां भिजेल या भीतीनें आम्हीं घाईघाईनें गाठी बांधवून ट्रॉली भरली. उधव्याकडून तलासरीस येणाऱ्या रस्त्यावर, दिवस मावळावयास आला असतां, ट्रॉलीचें डावें चाक बसलें. ट्रॅक्टर हांकणारा आमचाच चाकर होता. वारली समाजाचा, विशींतला, कामाला चपळ असा मुलगा. तो म्हणाला, "भाऊसाहेब, पांच मिनिटांचें काम आहे. तुम्ही बाजूला उभे राहा." आम्ही म्हणालों, "बाबा, लवकर आटप. अंधार पडतो आहे." हे आमचे शब्द आम्हांस आजवर विसरतां आलेले नाहींत.

ट्रॉली रस्त्याच्या कडेला मऊ मातीवर घेतली होती. जॅक ठेंगणा पडूं लागला, म्हणून जवळच रचलेल्या ढिगांतून एक वीट आणून तिजवर तो ठेवला. चाक सुटलें. स्टेपनी बसविण्यास दोन बोटें उंची कमी पडली, म्हणून मुलगा पुन्हां जॅकचा दांडा हलवूं लागला, व जोर नीट लागावा म्हणून त्यानें डावा पाय ट्रॉलीखालीं सरकविला. तेवढ्यांत विटेचा कोपरा फुटला. आवाजही मोठा झाला नाहीं. जॅक एका अंगास कलला, निसटला, आणि चाकाचा उघडा तुंबा त्याच्या पायावर आला. गाठी खालीं टाकून, रस्त्यानें जाणारे आठदहा लोक जमवून ट्रॉली उचलीपर्यंत अर्धा तास गेला. मुलाच्या पायाचीं तीन बोटें गेलीं. जीव वांचला तो एवढ्याचसाठीं कीं, ट्रॉलीखालीं त्याचा पाय होता, छाती नव्हती.

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनीची झाली. अपघाताचे पंचनामे, वारसांचे अर्ज, जबाब, दाखले हे कागद वर्षानुवर्षें आमच्या हातांखालून गेले. "वाहनाखालीं दबून" हे शब्द आम्हीं स्वतःच्या अक्षरांत किती वेळां लिहिले असतील! परंतु तें वाहन खालीं कां आलें, हा प्रश्न त्या कागदावर कोठेंही विचारलेला नसतो, व आम्हीं मनाशींही कधीं विचारला नव्हता. या अपघातानंतर ट्रॅक्टरबरोबर मिळालेली पुस्तिका प्रथमच उघडून वाचली, तालुक्यांतल्या दोनतीन जुन्या मिस्त्र्यांच्या गॅरेजांत जाऊन बसलों, व जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम एक जुनी गोष्ट आठवूं. बैलगाडीच्या आसास वंगण घालावयाचें तेव्हां आपले वडील काय करीत? ओझें उतरवीत, बैल सोडीत, चारदोन जण खांदा देऊन एक बाजू उचलीत, आसाखालीं जाड लांकडाचा टेकू सरकवीत, आणि मग चाक ओढून काढीत. उचलण्याचें काम खांद्यांचें, व धरून ठेवण्याचें काम टेकूचें. हीं दोन कामें दोन निरनिराळ्या वस्तूंकडे होतीं. जॅक आल्यावर त्याच्या जोरानें आम्ही इतके दिपून गेलों कीं, दोन्ही कामें त्या एकट्याच्या माथीं मारलीं, व टेकू फेंकून दिला. सारा घोटाळा येथें आहे. जॅक हें उचलण्याचें यंत्र आहे. धरून ठेवण्यासाठीं तें केलेलेंच नाहीं.

असें कां, तें त्याच्या रचनेवरून कळेल. आपल्याकडे जॅक मुख्यतः दोन जातींचे दिसतात. एक मळसूत्राचा व दुसरा तेलाचा. या दुसऱ्यास त्याच्या आकारावरून बॉटल जॅक म्हणतात. तेलाच्या जॅकचें तत्त्व पास्काल नांवाच्या फ्रेंच पंडितानें सतराव्या शतकांत मांडलें. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिरानें १७९५ सालीं त्यावर दाबयंत्र बसविलें, व अमेरिकेंत रिचर्ड डजन यानें १८५१ सालीं हातानें उचलून नेतां येईल अशा जॅकचें पेटंट घेतलें. कोंडलेल्या तेलावर एके ठिकाणीं दाब दिला तर तो सर्वत्र सारखा पसरतो, एवढेंच तें तत्त्व. समजा, दांड्यानें हलणारा लहान दट्ट्या एक सेंटीमीटर व्यासाचा आहे आणि भार उचलणारा मोठा दट्ट्या पांच सेंटीमीटर व्यासाचा आहे. क्षेत्रफळाच्या हिशेबानें जोर पंचवीसपट झाला. दांड्याच्या तरफेनें आणखी वीसपट धरा. म्हणजे माणसानें २० किलोचा जोर लावला तर वर १०,००० किलो उचलण्याची शक्ति येते. घर्षणांत कांहीं जाईल तें जाईल. दहा टन वजन एका हातानें हलतें हें पाहून कोणासही तें यंत्र अजिंक्य वाटावें!

परंतु हे दहा टन कशावर उभे असतात? पोटांत कोंडलेल्या तेलावर. आणि तें तेल अडवून धरणाऱ्या वस्तु दोनच. एक मिऱ्याएवढी पोलादी गोळी व एक रबरी कडें. गोळीच्या बैठकींत मातीचा कण अडकला, रबर जुनें होऊन चिरलें, तेल सोडण्याचा स्क्रू पुरता आवळला गेला नाहीं, कीं तेल परत फिरतें व भार खालीं येतो. कधीं केसाकेसानें, कधीं एकदम. मळसूत्राच्या जॅकला हें भय नाहीं. त्याच्या आट्यांचा उतार इतका थोडा असतो कीं भारानें तो आपोआप उलगडत नाहीं. पण कलंडण्याच्या बाबतींत दोघे भाऊभाऊच. आणि चाक बदलतांना घात होतो तो बहुधा कलंडण्यानेंच.

आतां जमिनीकडे वळूं, कारण शेतकऱ्याच्या गाडीचें चाक बसतें तें गॅरेजच्या फरसबंदीवर नव्हे, बांधावर, वाडींत किंवा रस्त्याच्या कडेला. भरलेल्या ट्रॉलीच्या एका बाजूस अडीच टन भार आहे असें धरा. जॅकची बैठक दहा सेंटीमीटर लांब व तितकीच रुंद, म्हणजे शंभर चौरस सेंटीमीटर. प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर २५ किलो दाब आला. ओल्या मऊ चिकणमातीची सोसण्याची शक्ति चौरस सेंटीमीटरास एक किलोच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. मग जॅक जमिनींत रुतला नाहीं तरच नवल. ट्रकची गोष्ट याहून मोठी. २०१८ सालच्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणें चार टायरांच्या एका आसावर साडेअकरा टनांपर्यंत भार कायदेशीर आहे. म्हणजे एका बाजूस पावणेसहा टन, आणि विटा व रेती वाहणारे कायद्याच्या मापानें भरतात असें आम्हांस वाटत नाहीं.

यावर उपाय साधा आहे. ४५ सेंटीमीटर लांब व तितकीच रुंद अशी लांकडी फळी जॅकखालीं ठेवली तर दोन हजारांहून अधिक चौरस सेंटीमीटर मिळतात, व तोच अडीच टनांचा दाब सव्वा किलोवर येतो. मात्र फळी जाड पाहिजे. खोक्याची पातळ फळी जॅकखालीं वांकते, तिच्या कडा वर उचलतात, व भार मधल्या वीतभर जागेवरच राहतो. ऐन, बाभूळ, शिसव अशा चिवट लांकडाची निदान अडीच-तीन इंच जाडीची फळी असावी. दोन फळ्या एकमेकींवर आडव्या-उभ्या ठोकून केली तर फाटत नाहीं. वीट, कौल, फरशीचा तुकडा किंवा सिमेंटचा पोकळ ठोकळा हे चुकूनही वापरूं नयेत. वीट भिंतींत हजारों किलो सोसते, कारण तेथें तिच्या सर्व अंगावर भार सारखा असतो. जॅकचा दाब मध्यावर किंवा कोपऱ्यावर आला कीं ती इशारा न देतां फुटते. लांकूड फुटण्यापूर्वीं करकरतें, दबतें, व माणसास पाय काढून घेण्यास क्षण देतें. जॅक ठेंगणा पडल्यास उंची वाढवावयाची ती खालून, रुंद लांकडानें; जॅकच्या माथ्यावर लोखंडाचे तुकडे किंवा नटबोल्ट रचून कधींही नव्हे.

उताराची गोष्ट याच हिशेबांतली. दहा हातांस एक हात असा उतार डोळ्यांस फारसा जाणवतही नाहीं. पण तेवढ्या उतारावर अडीच टनांचा दहावा भाग, म्हणजे अडीचशे किलो, आडव्या अंगानें जॅकला ढकलीत असतो. शिवाय एक बाजू वर जाऊं लागली कीं आस दुसऱ्या बाजूच्या चाकाभोंवतीं फिरतो, व जॅकचें डोकें सरळ वर न जातां किंचित् आंत ओढलें जातें. ठेवतांना अगदीं उभा असलेला जॅक वीतभर उचलल्यावर तिरपा दिसतो तो यामुळें. तसा दिसल्यास भार खालीं आणून जॅक पुन्हां नीट मांडावा. तेथेंच वर हाणीत राहूं नये. आणि उंची लागेल तेवढीच घ्यावी. नवें चाक हवा भरलेलें असल्यामुळें बसलेल्या चाकापेक्षां थोडी अधिक उंची लागते, तेवढी आधींच धरली म्हणजे चाक उतरल्यावर पुन्हां जॅकशीं खेळावें लागत नाहीं. आमच्या मुलाचा पाय याच दोन बोटांच्या उंचीपायीं गेला.

पुष्कळ चालकांस वाटतें कीं गाडी गिअरमध्यें टाकली व हातब्रेक ओढला म्हणजे ती हलत नाहीं. चारही चाकें जमिनीवर असतांना हें बहुतेक खरें आहे. परंतु मागचें एक चाक अधांतरीं झालें कीं इंजिनाची पकड फुकट जाते. मागल्या आसाच्या मध्यावर जो डिफरन्शिअल असतो, त्याचें कामच एका चाकास दुसऱ्यापेक्षां निराळें फिरूं देण्याचें आहे. अधांतरींचें चाक उलटें फिरतें, जमिनीवरचें चाक सुलटें सरकतें, व गिअर तसाच अडकलेला असतांना गाडी जॅकवरून पुढें जाते. ज्या जुन्या गाड्यांचा हातब्रेक चाकांवर नसून इंजिनाकडून मागें येणाऱ्या दांड्यावर असतो, त्यांची हीच गत. आम्हांस एका मिस्त्रीनें गॅरेजमध्यें रिकाम्या ट्रॅक्टरवर हें प्रत्यक्ष करून दाखविलें, तेव्हां आमचा विश्वास बसला. म्हणून जीं चाकें जमिनीवर राहणार आहेत त्यांस पुढून व मागून, दोन्ही बाजूंनीं, लांकडाची तिरपी पाचर घट्ट बसविल्याखेरीज जॅकला हात लावूं नये. वाटेवरचा गोल धोंडा पाचरीचें काम करीत नाहीं. तो चाकापुढें लोळतो.

ट्रॅक्टरविषयीं दोन गोष्टी विशेष सांगावयाच्या, कारण त्या मोटार दुरुस्त करणारासही पुष्कळदां ठाऊक नसतात. पहिली अशी कीं, ट्रॅक्टरचा पुढचा आस मध्यें एकाच खिळीवर झुलता बसविलेला असतो. खांचखळग्यांत चारही चाकें जमिनीस धरून राहावीं म्हणून ती सोय आहे. परंतु मागचें एक चाक उचललें कीं पुढची बाजू आधार देत नाहीं, व सगळें धूड त्या खिळीभोंवतीं एका अंगास लवूं पाहतें. म्हणून मागचें चाक उचलण्यापूर्वीं पुढच्या आसाच्या दोन्ही बाजूंस, आस व वरची चौकट यांमधल्या फटींत, लांकडी पाचरी ठोकाव्या, म्हणजे झुलणें बंद होतें. दुसरी गोष्ट पाण्याची. चिखलणीच्या वेळीं चाक घसरूं नये म्हणून आपण मागच्या टायरांत पाणी भरतों, व तें पुढें विसरून जातों. मोठ्या टायरांत दीडशे लिटरांहून अधिक पाणी सहज मावतें. म्हणजे चाकाच्या वजनांत दीडशे किलोंची भर. असें चाक एकट्यानें सांवरूं म्हणणाऱ्याच्या अंगावर तें पडतें, अगर त्याचा धक्का लागून जॅक सुटतो. पाणी आधीं सोडून द्यावें, नाहींतर तीन माणसें घ्यावीं.

दोन चाकांची ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडून कधींही उचलूं नये. जोडलेलीच असूं द्यावी, व ट्रॅक्टरच्याही चाकांस पाचरी द्याव्या. भार उतरविण्याचा मात्र सर्वांस कंटाळा येतो. आम्हांसही आला होता. गवताच्या गाठी उतरवून पुन्हां भरावयास दोन माणसांस दीड तास लागला असता. निदान बसलेल्या चाकाच्या बाजूचा अर्धा भार तरी उतरवावा. आणि ज्या ट्रॉलीचा हौदा तेलाच्या जोरानें मागें कलतो, तिच्या उचललेल्या हौद्याखालीं वंगण घालण्यास शिरणें म्हणजे चाक न काढतांही जॅकखालीं जाणेंच आहे. तेथेंही तेंच तेल व तेंच रबर. हौदा रिकामा करून खालून मजबूत अडण दिल्यावांचून डोकें आंत घालूं नये.

आतां टेकूविषयीं. लोखंडी तीन अगर चार पायांचे स्टँड बाजारांत मिळतात, व ज्यांच्याकडे ट्रक आहेत त्यांनीं ते जोडीनें घ्यावे हें उत्तम. शेतावरच्या मऊ जमिनींत त्यांचे बारीक पाय रुततात, म्हणून त्यांखालींही फळी लागतेच. त्यापेक्षां आम्हांस लांकडी ठोकळ्यांची चौकट अधिक सोईची वाटते. चार इंच जाड, चार इंच रुंद व दोन फूट लांब असे आठ ठोकळे सुतारांकडून कापून घ्यावे. दोन समांतर मांडावे, त्यांवर दोन आडवे, पुन्हां दोन समांतर, याप्रमाणें आसापर्यंत चौकट रचावी. ती रुंदीच्या दुपटीहून उंच करूं नये. आस जॅकनें अंगुळभर अधिक उचलून चौकट खालीं बसवावी, मग जॅक हळूच सैल करून भार चौकटीवर टेकवावा. चाक काढण्यापूर्वीं गाडी हातानें थोडी हलवून पाहावी; डुगडुगली तर अजून कोठेंतरी चूक आहे. जॅक नुसता लागून राहील इतपत तेथेंच असूं द्यावा. आणखी एक युक्ति जुने ट्रकचालक करतात व ती फार चांगली आहे. काढलेलें चाक बाजूला न टाकतां चौकटीशेजारीं गाडीखालीं आडवें सरकवून ठेवतात. सर्व चुकलें तरी गाडी त्या चाकावर येते, माणसावर येत नाहीं.

नट सैल करण्याचें काम चाक जमिनीवर असतांनाच करावें, अर्धा-पाऊण फेरा. लांब पान्यावर उभें राहून हिसके देण्याची आपल्याकडे रीत आहे. जॅकवर असलेल्या गाडीला असा एक हिसका पुरतो. चाक बसविल्यावर नट समोरासमोरचे आवळीत जावे, भार जमिनीवर आल्यावर पुन्हां पक्के करावे, व चाळीस-पन्नास किलोमीटर गेल्यावर एकदां पाहावे. ट्रकच्या जोडचाकांत एक निराळें भय आहे. जुन्या तऱ्हेच्या चाकांवर टायर धरून ठेवणारी सुटी लोखंडी रिंग असते. रिम चिरलेली असल्यास, नट सुटतांच आंतल्या हवेच्या जोरानें ती रिंग तोफेच्या गोळ्याप्रमाणें उडते. म्हणून जोडचाक उतरविण्यापूर्वीं दोन्ही टायरांची व्हॉल्व्हची पिन काढून हवा पुरती सोडावी. पाना हातांत घेण्यापूर्वींचें हें काम आहे.

आमच्या भागांतून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग, पूर्वीचा आठ क्रमांकाचा व आतांचा अठ्ठेचाळीस क्रमांकाचा, हें एक वेगळेंच प्रकरण आहे. तेथें जॅकवरची गाडी जितकी भयंकर, तितकाच मागून येणारा ट्रक. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ता. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातांत अंत झाला, तेव्हां त्या जागेचें नांव देशभर झालें. आम्ही तेथून रोज भाजी व गवत नेतों. पुलावर किंवा पुलाच्या तोंडाशीं चाक बदलूं नये. टायर फाटून गेला तरी चालेल, रिमवर हळूहळू पुढें नेऊन रस्त्याबाहेर घ्यावी. टायरची किंमत टायराएवढीच असते. मागें पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा, झाडाची फांदी नव्हे, कारण रात्रीं फांदी दिसत नाहीं. आणि चाक उजव्या बाजूचें, म्हणजे रहदारीच्या अंगाचें, असेल तर एका माणसानें केवळ मागें पाहत उभें राहावें. मोटारवाहन कायदा १९८८, कलम १२२ अन्वयें धोका होईल अशा स्थितींत वाहन उभें करणें हा अपराध आहे, हें आमच्या कागदी सवयीनें येथें नमूद करून ठेवतों.

कागदांचा विषय निघालाच आहे तर पुढचें सांगितलें पाहिजे, कारण या मासिकाचे वाचक जमीनधारक आहेत. ता. १९ एप्रिल २०२३च्या शासन निर्णयानें गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना सुरू झाली. सातबारा ज्याच्या नांवें आहे तो शेतकरी व त्याच्या कुटुंबांतील एक व्यक्ति, वय १० ते ७५, यांस अपघातांत मृत्यु आल्यास दोन लाख व एक हात, पाय अगर डोळा गेल्यास एक लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे द्यावयाचा. योजना चांगली आहे, व आमच्या बंधूंनीं तिचा लाभ घ्यावा. परंतु जॅक कोणाच्या हातांत असतो? आपल्या नव्हे. तो असतो चालकाच्या, क्लीनरच्या, हंगामापुरत्या आणलेल्या पोराच्या हातांत. आणि त्याच्या नांवें बहुधा सातबारा नसतो. आमच्या मुलाच्या घरींही नव्हता. तीन बोटें म्हणजे पाय नव्हे, तेव्हां तसाही उपयोग झाला नसता.

मग त्याचें देणें कोणाकडे? १९२३ सालच्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या दुसऱ्या जोडपत्रांत ट्रॅक्टर किंवा अन्य यंत्रानें चालणाऱ्या शेतीवरील चाकराचा उल्लेख स्पष्ट शब्दांत होता, आणि पहिल्या जोडपत्रांत पायाच्या बोटांचाही हिशेब होता. अंगठा मुळापासून गेल्यास कमाईची शक्ति शेंकडा १४ नें घटली असें धरावें, असें तेथें लिहिलें होतें. तो कायदा आतां सामाजिक सुरक्षा संहितेंत सामावला गेला आहे. देणें मालकाचें, हें तत्त्व तेंच आहे. "त्याची चूक होती, त्यानेंच वीट लावली" हें उत्तर आपल्याकडे फार ऐकूं येतें. आम्हांसही आमच्या स्नेह्यांनीं तेंच शिकविलें. पण जाड फळी आम्हीं दिली नव्हती, ठोकळे दिले नव्हते, पाचरी दिल्या नव्हत्या, आणि वर घाई केली होती. विटेशिवाय तेथें दुसरें होतें काय? आम्हीं औषधोपचाराचा खर्च, बसून राहिलेल्या महिन्यांचा पगार व बोटांच्या हिशेबाची रक्कम दिली. तें दान नव्हतें, देणें होतें. ट्रॅक्टरच्या विम्याच्या कागदावर पगारी चालकाचा धोका घेतला आहे कीं नाहीं, हें प्रत्येकानें चष्मा लावून वाचावें. आमच्या कागदावर तो नव्हता, व ट्रॅक्टर घेतल्यापासून तो कागद आम्हीं घडी मोडून पाहिला नव्हता.

जॅकच्या निगेविषयीं थोडकें. त्यांत त्याचेंच खनिज तेल घालावें. ब्रेकचें तेल घातल्यास आंतलें रबर फुगून सडतें, व डिझेलनें पातळपणामुळें दाब टिकत नाहीं. डहाणू-बोर्डी किनाऱ्याच्या खाऱ्या हवेंत उघडा राहिलेला दट्ट्या एका पावसाळ्यांत गंजतो, व त्या गंजाचे टोंचे रबर कापतात. म्हणून काम झालें कीं दट्ट्या पुरता खालीं बसवून, पुसून, कोरड्या जागीं ठेवावा. वर्षांतून एकदां, भाताच्या कापणीपूर्वीं, भरलेल्या गाडीखालीं लावून पाहावा: चौकट खालीं असूं द्यावी, अंगुळभर उचलावें, खडूनें खूण करावी व तासाभरानें पाहावें. खूण खालीं उतरलेली दिसली तर मिस्त्रीकडे न्यावा. वजनाचा आंकडा खोडला गेलेला जॅक, कोणाकडून उसना आणलेला असला तरी, परत पाठवावा.

आमच्या ट्रॉलीच्या पुढच्या अंगास आतां एक लोखंडी पेटी बसविलेली आहे. तींत आठ ठोकळे, एक जाड फळी, चार पाचरी, त्रिकोण व खडू आहे. पेटी जड आहे, व पहिल्या महिन्यांत ती घरींच ठेवून जावी असें आमच्याच मनांत दोनदां आलें. मुलगा आजही आमच्याकडेच ट्रॅक्टर चालवितो. चालतांना किंचित् लंगडतो. गेल्या पावसाळ्यांत झरीच्या रस्त्यावर पुन्हां चाक बसलें, तेव्हां त्यानें खालीं उतरून आधीं पेटी उघडली व म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही तिकडे छत्री घेऊन मागें बघत उभे राहा. आज तासभर लागेल."